स्क्रूचे डोके कसे निवडावे?

खानदेशातून पोटासाठी सुरतेस आलेल्या आपल्या मंडळींपैकी पुष्कळ कुटुंबे पांडेसऱ्यात भाड्याच्या खोल्यांतून राहतात. खोली बदलली की मांडणी, देव्हारा, भिंतीवरची फळी, सारे उतरवून नव्या जागी उभारावे लागते. अशा सामानास खिळे ठोकू नयेत. ते उपटताना लाकूड फाटते. स्क्रूच हवेत. परंतु दुकानात आपण लांबी तेवढी सांगतो आणि डोके दुकानदार देईल ते घेतो. वास्तविक फळी टिकणे आणि पुढे ती सुखरूप सुटणे, दोन्ही बऱ्याच अंशी डोक्यावर अवलंबून असते.

प्रथम आकार पाहावा. चपट्या डोक्याचा स्क्रू खालून निमुळता असतो. लाकडात खळी पाडली म्हणजे तो फळीशी सपाट बसतो. फळीस फळी जोडण्यास व बिजागरीस हाच घ्यावा. बिजागरीच्या भोकांना खळी मुळातच असते; तिच्याहून मोठ्या नंबराचा स्क्रू घातला की डोके वर राहते आणि दार मिटत नाही. पत्र्याच्या ब्रॅकेटची भोके मात्र सरळ असतात. तेथे निमुळते डोके केवळ कडेवर टेकते. म्हणून खालून सपाट असे गोल डोके वापरावे. लांबी चपट्या स्क्रूची डोक्यासकट मोजतात, गोल डोक्याची डोक्याखालून.

मग खाच. एका रेघेच्या खाचेतून पेचकस घसरतो खरा, पण तीत गंज वा रंग भरला तरी खरवडून काढता येतो. फुलीची खाच अमेरिकेत हेन्री फिलिप्स यांच्या नावे १९३६ साली पेटंट झाली. तीत पेचकस आपोआप मध्यावर बसतो. पण दाब कमी पडला की टोक वर चढते, खाच झिजते आणि स्क्रू जागचा हलत नाही. फुलीच्या मधोमध चार बारीक रेघा दिसल्या, तर ती पोझिड्राइव्ह समजावी. दोघी दिसायला सख्ख्या बहिणी, पण पेचकस प्रत्येकीचा निराळा! सहा पाकळ्यांची टॉर्क्स खाच मिळाली, तर सोडवण्याच्या कामी आम्ही तीच पसंत करू.

जिप्समच्या तक्त्यांसाठी असलेले काळे स्क्रू स्वस्त म्हणून भांड्यांच्या फळीस लावलेले आम्ही पाहतो. ते कडक, पण ठिसूळ असतात; भार पडला की डोके तुटू शकते, आणि फळीखाली बहुधा मूलच निजलेले असते. तेथे आठ नंबरचे साधे लाकडी कामाचे स्क्रू घालावेत.

सागवानात पितळी स्क्रू एकदम पिळू नये, तो मोडतो. गिरमिटाने भोक पाडून त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा फिरवून काढावा, मग पितळी स्क्रूला मेण लावून बसवावा. बिऱ्हाड हलवताना काढलेले स्क्रू चिंधीत गुंडाळून त्याच फळीस बांधून ठेवावेत.