तो डबा काढू नका!

‘भाऊ, सायलेन्सरआधीचा तो डबा काढून टाका, पिकअप वाढेल.’ नगरमध्ये गॅरेज चालवताना ही मागणी मी कायम ऐकतो आणि दर वेळी साफ नकार देतो.

हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आत मधमाशांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी; तिच्यावर अ‍ॅल्युमिनाचा खडबडीत थर आणि प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचे सूक्ष्म कण. जोडीला सिरियम ऑक्साइड. धुरात ऑक्सिजन जास्त झाला की ते साठवतं, कमी पडला की सोडतं. या सगळ्यामुळे विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, नायट्रोजन ऑक्साइडचा साधा नायट्रोजन. मात्र जाळी तापल्याशिवाय हे घडत नाही.

हे धातू फार महाग. म्हणून नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेतही लँथॅनम, मँगनीज यांच्या स्वस्त ऑक्साइडांवर संशोधन झालं. या ऑक्साइडांचा मोठा शत्रू म्हणजे इंधनातलं गंधक. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 इंधनात ते दहा लाखांत 10 भागांवर आलं, ही मोठी कमाई आहे.

गाड्यांच्या धुराची अधिकृत चाचणी करणारी ‘व्हीआरडीई’ ही संस्था आपल्याच नगरच्या वाहननगरात आहे. तिथं पास झालेली गाडी गॅरेजात नापास करू नका. तो धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो.