रंगापूर्वीं भिंत

दसरा जवळ आला कीं घराघरांतून रंगाची भाषा सुरू होते. कोणता रंग द्यावा यावर ओटीवर आणि माजघरांत खल होतो. परंतु ज्या भिंतीस तो द्यावयाचा, ती रंग घेण्यास सिद्ध आहे काय, हें क्वचितच कोणी विचारतें. आम्हींही विचारलें नव्हतें आणि त्याबद्दल दुप्पट पैसे मोजले. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचें घर कृष्णाकांठीं वाईस आहे. आजोबांनीं बांधलेलें, भिंती विटांच्या, गिलावा चुन्याचा. कांहीं वर्षांपूर्वीं धाकट्या बंधूंच्या कन्येचें लग्न ठरलें. पावसाळा नुकताच सरला होता, भिंती ओल्या होत्या; परंतु मुहूर्त भिंतीसाठीं थांबत नाहीं. ठेकेदारानें सुटलेल्या गिलाव्याच्या जागीं सिमेंट भरलें आणि पाणी आंत न शिरूं देणाऱ्या रंगाचे दोन हात दिले. लग्नांत सर्वांनीं घराची वाहवा केली. पुढचा पावसाळा संपतांच बाहेरच्या रंगास फोड आले, आणि देवघराची भिंत, जी पूर्वीं कधीं ओलावली नव्हती, ती आंतून कमरेइतकी ओली झाली.

कारण सरळ आहे. जमिनींतील ओल विटांतून वर चढते. चुन्याचा गिलावा सच्छिद्र. त्यांतून ती वाफेच्या रूपानें बाहेर निघून जाई. आम्हीं बाहेरची वाट बुजविली, तेव्हां तिनें आंतली धरली. शिवाय ओलीबरोबर विरघळलेले क्षार पृष्ठभागीं येतात, पाणी उडून गेलें कीं त्यांचे स्फटिक बनतात, आणि ते रंगास व गिलाव्यास मागून ढकलून पाडतात. भिंतीस लोणा लागतो म्हणतात तो हाच.

दुसऱ्या खेपेस आम्हीं पंचांग बाजूस ठेवलें. प्रथम पाणी कोठून येतें तें शोधलें. फुटकीं कौलें बदललीं, तुंबलेली पन्हळ मोकळी केली, आणि पायथ्याशीं साचलेली माती उपसली. मग भिंतीवर बोटांनीं ठोकून पाहिलें. जेथें पोकळ नाद आला तेथला गिलावा काढला. सिमेंट काढून पुनः चुनाच भरला. सिमेंटच्या नव्या गिलाव्यासही रंगापूर्वीं सुमारें २८ दिवस द्यावे लागतात. चुना तर हवेंतील कर्बवायु शोषून सावकाश कठीण होतो, त्यास अधिक सवड हवी. लोणा कोरड्या कुंचल्यानें झाडावा. पाण्यानें धुतल्यास क्षार पुनः आंत जातात. शेवाळ मात्र घांसून, धुऊन काढावें आणि भिंत पुरती वाळूं द्यावी.

भिंत वाळली कीं नाहीं हें डोळ्यांस कळत नाहीं. यासाठीं दीड फूट लांबरुंद प्लॅस्टिकचा कागद चारी कडांनीं चिकटपट्टीनें भिंतीस लावावा व एक दिवसरात्र ठेवावा. आंतल्या बाजूस दंव जमलें, तर रंगाऱ्यास परत पाठवावें. तसेंच तळहात फिरवून पाहावा. पांढरी भुकटी लागल्यास तिच्यावर रंग टिकणार नाहीं.

वळचणीखालच्या भेगेंत पिंपळाचें रोप उगवलें होतें. तें तोडण्यास घरांतील वडीलधाऱ्यांचा जीव होईना. अखेर मुळांसकट अलगद काढून नदीकांठीं लाविलें, मग भेग भरली. वर नुसतें छाटलें असतें, तर मुळानें भिंत पुढेंही फोडलीच असती.

खिडक्यांची गोष्ट अधिक गंभीर. कारागीर जुना तैलरंग कोरडाच खरवडीत होता आणि खालीं आमचा नातू त्या भुकटींत रेघा ओढीत बसला होता. सूनबाईंनीं त्यास उचलून हातपाय धुतले आणि काम थांबविलें. जुन्या तैलरंगांत शिसें असूं शकतें, आणि तें बालकांच्या मेंदूस अपाय करतें. केंद्र सरकारनें २०१६ सालीं नियम करून घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग ठरविली व १ नोव्हेंबर २०१७ पासून ती लागू झाली. परंतु त्यापूर्वींचे थर आपल्या चौकटींवर आहेतच. ते पाणी मारून ओले असतांना घांसावे, खालीं जाड कापड अंथरावें, खरवड गोळा करून बांधून टाकावी, आणि मुलांस व गर्भवतींस दूर ठेवावें. इतकी दक्षता आम्हीं स्वतः घेतली नव्हती, हें सांगतांना संकोच वाटतो.

तयारीस तीन महिने लागले. रंगाऱ्याचें काम एका आठवड्याचें. भिंतींस चुन्याची सफेदीच दिली. संस्कृतांत चुन्यास ‘सुधा’ म्हणतात. अमृताचेंही नांव तेंच, आणि चुन्यानें लिंपलेलें मंदिर तें ‘सौध’. हा शब्द आम्हीं वर्गांत अनेक वर्षें शिकविला, पण घरच्या भिंतीपाशीं आठवला नाहीं.

गेल्या श्रावणांत पुतणी माहेरीं आली, तेव्हां देवघराची भिंत कोरडी होती. ज्यांच्या घरीं यंदा कार्य आहे त्यांनीं मुहूर्त धरण्यापूर्वीं बाहेरच्या भिंतीवरून एकदां हात फिरवून पाहावा, एवढीच विनंती.