हलणारा दात : नशीब नव्हे, कारणपरंपरा

दात हलू लागला की तो वयाचा किंवा नशिबाचा भोग समजून काढून टाकायचा, हे आम्ही आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीत पाहिले आहे. परंतु आपण तथागतांचा प्रतीत्यसमुत्पाद मानणारे लोक. कोणतीही घटना हेतू आणि प्रत्यय यांवाचून घडत नाही, हा नियम दातांनाही लागू आहे.

दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि जबड्याचे हाड यांमध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पदर असतो. चावण्याचा भार तो झेलतो. दातात भरलेले सिमेंट उंच राहिले, झोपेत दात खाण्याची सवय असली किंवा एक दात काढल्यावर शेजारचे कलंडले, तर हा भार मर्यादेबाहेर जातो. तंतूंना इजा होते, मुळाभोवतीचे हाड झिजते आणि दात हलू लागतो.

मग हाच ताण हिरड्यांच्या आजाराचे मूळ आहे काय? १९६० च्या दशकात अमेरिकेतील इर्विंग ग्लिकमन यांनी मांडले की, हिरड्यांचा दाह आणि चाव्याचा ताण एकत्र आल्यास नाश वाढतो. पुढील दशकात स्वीडनमध्ये कुत्र्यांवर आणि अमेरिकेत माकडांवर प्रयोग झाले. निरोगी हिरड्या असताना ताणामुळे दात हलला, पण हिरडीची पकड सुटली नाही. हिरड्या सुजलेल्या असताना मात्र स्वीडनमधील प्रयोगांत ऱ्हास वाढलेला दिसला. माकडांवरील प्रयोगांत पकड अधिक सुटल्याचे आढळले नाही. आज तज्ज्ञांचे मत असे की, केवळ ताणाने हा आजार होतो याला मानवात पुरावा नाही. मूळ हेतू दातांवर साचणारा जंतूंचा थर. ताण हा फार तर त्याला साहाय्य करणारा प्रत्यय.

यावरून उपचारांचा क्रम ठरतो. आधी दंतवैद्यांकडून दात स्वच्छ करून घेणे, दोन वेळा ब्रशने दात घासणे, मिशरी-तंबाखू सोडणे. त्यानंतर चाव्याची तपासणी. उंचवटा घासून किंवा रात्री दातांवर आवरण बसवून ताण कमी करता येतो. हाड पुरेसे शिल्लक असेल, तर हलणारा दात पुन्हा स्थिरावू शकतो.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. घासताना रक्त येणे, चावताना दुखणे, दातांत नव्याने फट पडणे ही लक्षणे दिसताच तपासणी करावी. दात काढण्याचा निर्णय कारण समजल्यावरच घ्यावा. कारण जाणणे हीच दुःखमुक्तीची पहिली पायरी आहे.