पट्टीवरची रेघ म्हणजे शेवटचा निकाल नव्हे

मैत्रिणींनो, ग्रामसंघाच्या बैठकीत व्यसनाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : "लघवी तपासली की लगेच कळतं ना?" कळतं, पण दोन टप्प्यांत. पहिल्याच टप्प्यावर थांबलं तर नशा न करणाऱ्या मुलावरही शिक्का बसू शकतो.

पहिला टप्पा : पट्टी
हेरॉइन, म्हणजे ज्याला गर्द म्हणतात, त्याचं शरीरात मॉर्फिन होतं आणि ते लघवीत उतरतं. पट्टी हे मॉर्फिन शोधते. काही मिनिटांत निकाल मिळतो. पण गरोदरपणाच्या पट्टीपेक्षा इथं उलटं असतं. 'सी' आणि 'टी' अशा दोन्ही रेघा आल्या, तर अंश सापडला नाही. 'टी'ची रेघ फिकट असली तरी तसंच धरायचं. फक्त 'सी'ची रेघ आली, तर सापडला. 'सी'च उमटली नाही, तर पट्टी बाद.

पट्टी कुठे फसते?
कोडीन असलेलं खोकल्याचं औषध घेतलं तरी पट्टी 'सापडला' दाखवते. खसखस अफूच्याच झाडाची असते, त्यामुळे ती भरपूर खाल्ली तरी असं होऊ शकतं. म्हणूनच अमेरिकेत सरकारी नोकरदारांच्या तपासणीची मर्यादा १९९८ साली एका मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २००० केली.
उलटही घडतं. ट्रॅमाडॉलच्या गोळ्या या पट्टीला दिसत नाहीत. शिवाय नशा करून तीन-चार दिवस झाले असतील, तर बहुतेक वेळा काहीच सापडत नाही.

दुसरा टप्पा : प्रयोगशाळेतलं मशीन
याला जीसी-एमएस तपासणी म्हणतात. धान्य चाळून वेगळं करावं तसं हे मशीन लघवीतले पदार्थ वेगळे करतं आणि प्रत्येकाची ओळख पटवतं. मॉर्फिन किती, कोडीन किती, ते वेगवेगळं कळतं. हेरॉइनची एक खास खूण असते. ती खसखशीतून किंवा औषधातून येत नाही, पण जेमतेम दिवसभरच टिकते.

आपण काय करायचं?
• तपासणीआधी चालू असलेली सगळी औषधं सांगा, चिठ्ठी सोबत न्या.
• पट्टीवर 'सापडला' आलं, तर त्याच नमुन्याची खात्रीची तपासणी मागा.
• घरी पट्टी आणून पोराला सगळ्यांसमोर उभं करू नका. आधी डॉक्टरांशी बोला.
• व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे.

ताई, तपासणी उपचाराची वाट दाखवण्यासाठी असते, गावात नाव खराब करण्यासाठी नाही.