महामारीच्या वर्षी फार्मसीचे पहिले पाऊल

आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे दोन-तीन पिढ्यांपासून औषधविक्रीच्या व्यवसायात आहेत. दुकान स्वतःचे असले, तरी भिंतीवरील नोंदणीकृत औषधनिर्मात्याचे प्रमाणपत्र अनेकदा नोकरीस ठेवलेल्या व्यक्तीचे असते. हे परावलंबित्व संपावे, या व्यवहारी विचाराने घरातील एका मुलाला किंवा मुलीला फार्मसीला पाठविण्याचा प्रघात पडला. २०२० साली बारावी होऊन ज्यांनी ही वाट धरली, त्यांच्या शिक्षणाचा प्रारंभ मात्र विलक्षण परिस्थितीत झाला. ती मुले आता पदवी घेऊन कामाला लागली आहेत. त्यांच्याकडून काय निसटले आणि त्यांना काय अधिकचे मिळाले, याचा विचार पालकांनी करणे अगत्याचे वाटते.

लांबलेला प्रारंभ

त्या वर्षी महाराष्ट्रात बारावीचा निकाल १६ जुलै रोजी लागला. परंतु एमएचटी-सीईटी ऑक्टोबरमध्ये झाली आणि तिचा निकाल २८ नोव्हेंबरला आला. बी. फार्म.चे पहिले सत्र २०२१ साल उजाडल्यावर, तेही बहुतांशी मोबाइलच्या पडद्यावर सुरू झाले. १५ फेब्रुवारी २०२१ पासून निम्म्या उपस्थितीने महाविद्यालये उघडण्यास परवानगी मिळाली. पण दुसऱ्या लाटेने दारे पुन्हा बंद केली. ती उघडली २० ऑक्टोबर २०२१ पासून. आठ सत्रांच्या अभ्यासक्रमाचा पायाच अशा रीतीने घरात बसून घातला गेला.

हाताला न मिळालेले शिक्षण

शरीररचना, शरीरक्रिया किंवा रसायनशास्त्राची तत्त्वे पडद्यावरूनही समजू शकतात. फार्मसीचा अर्धा भाग मात्र हातांनी शिकावा लागतो. एरंडेलासारख्या तेलाचे इमल्शन करण्याची एक जुनी रीत आहे. चार भाग तेल व एक भाग डिंक खलात घोटायचे, त्यात दोन भाग पाणी एकदम घालायचे आणि एकाच दिशेने झपाट्याने घोटत राहायचे. मिश्रण पांढरेशुभ्र होऊन बत्त्याखाली चटचट असा आवाज येऊ लागला, की प्राथमिक इमल्शन साधले असे समजावे. हा आवाज एकदा स्वतःच्या हाताखाली ऐकावा लागतो. ब्युरेटमधून थेंब थेंब द्रावण सोडताना रंग पालटण्याचा नेमका क्षण पकडणे, तराजूवर मिलिग्रॅमचा हिशेब ठेवणे, मलम एकजीव करणे, या सवयी चित्रफीत पाहून अंगी बाणत नाहीत. अनेक विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षाचे प्रयोग वहीत लिहिले आणि पुढे संधी मिळाली तेव्हा हातांनी केले.

घरच्या दुकानाची शाळा

टाळेबंदीत बहुतेक दुकाने बंद असताना औषधांची दुकाने चालू होती. त्यामुळे व्यापारी घरातील या मुलांना दुसरी शाळा घरीच मिळाली. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने २०० मिलिलिटर सॅनिटायझरची कमाल किंमत १०० रुपये ठरविली. त्याच महिन्यात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या विक्रीला शेड्यूल एच-१ च्या अटी लागू झाल्या. भीतीपोटी निरोगी माणसे ते औषध साठवू लागली, तर संधिवात आणि ल्युपसच्या ज्या रुग्णांना ते नेहमीचे लागते, त्यांना ते कोठून मिळणार, असा प्रश्न होता. पुढे एप्रिल २०२१ मध्ये रेमडेसिव्हिरसाठी नातेवाईक दारोदार फिरले आणि त्याचा काळाबाजारही झाला. वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच रुग्णालयातील कोविड रुग्णांना ते देण्याविरुद्ध सशर्त शिफारस केली होती. मागणी आणि गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या मुलांनी पुस्तकात वाचण्यापूर्वी गल्ल्यापाशी पाहिले.

आमच्या परिचयातील एका घरातील मुलगी तेव्हा सकाळी ऑनलाइन तासांना बसे आणि दुपारी वडिलांना हिशेबात व मालाच्या नोंदीत मदत करी. चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक मागणाऱ्या एका जुन्या ग्राहकाला वडील औषध देऊ लागले, तेव्हा तिने त्यांना थांबविले. "गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल," वडील म्हणाले. "जाऊ दे पप्पा, पण उद्या या पाटीखाली मी उभी राहणार आहे," असे तिचे उत्तर होते. ग्राहक खरोखरच गेला आणि वडिलांना ते काही दिवस लागले. परंतु चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक न देण्याचा नियम त्या दुकानात आजही पाळला जातो.

पालकांसाठी काही सूचना

आयुष्य बँकेत गेल्यामुळे थोडे पैशाविषयी. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेनुसार साडेसात लाख रुपयांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही आणि परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते. सवलतीच्या काळातही व्याज मात्र चढत असते. मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा होती, तेव्हा व्यापाऱ्यांनी हा अनुभव घेतलाच आहे. शक्य असल्यास शिक्षण चालू असतानाच व्याज भरत जावे. मुलांच्या पहिल्या पगारावरील भार हलका होतो.

डी. फार्म.साठी ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण आवश्यक असते. दुकान घरचेच आहे म्हणून हे तास कागदावर भरून घेण्याचा मोह टाळावा. रुग्णालयाच्या औषधविभागात परक्या वरिष्ठांच्या हाताखाली काम केल्यास दृष्टी अधिक विस्तारते. महामारीत ज्यांचे प्रयोग बुडाले, त्यांनी तर नोकरीची पहिली एक-दोन वर्षे आवर्जून बाहेर काढावीत.

सर्वांत महत्त्वाची सूचना अधिकाराविषयी आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध देण्याचे काम नोंदणीकृत औषधनिर्मात्याकडे सोपविले आहे. शेड्यूल एच-१ मधील औषधांसाठी डॉक्टर, रुग्ण, औषध व प्रमाण यांची स्वतंत्र नोंद ठेवून ती ३ वर्षे जपावी लागते. खरेदी, उधारी, मालाची उलाढाल यांत वडीलधाऱ्यांचा अनुभव मोलाचा आहेच. परंतु एखाद्याला औषध द्यायचे की नाही, याचा निर्णय आता शिकून आलेल्या मुलावर किंवा मुलीवर सोपवावा. त्यांनी नकार दिला आणि ग्राहक नाराज झाला, तर त्या वेळी घरच्यांनी त्यांच्या पाठीशी उभे राहावे. ज्या कठीण वर्षात त्यांनी हे शिक्षण सुरू केले, त्याचे चीज होण्यासाठी एवढे तरी आपण करावयास हवे.