ताईंचा कायदा आणि रापणकरांचा दर्या

मंडळी, महाराष्ट्राला आजवर एकही महिला मुख्यमंत्री मिळालेली नाही. शेजारच्या गोव्यात मात्र १९७३ सालीच शशिकला काकोडकर त्या खुर्चीवर बसल्या. गोवा त्यांना ‘ताई’ म्हणूनच ओळखायचा.

पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची ही लेक. १९६७ ला आमदार, १९७२ ला राज्यमंत्री. १९७३ च्या ऑगस्टमध्ये भाऊसाहेब गेले आणि कारभार ताईंकडे आला. वडिलांच्या नावावर किती दिवस चालणार, असं कुणी म्हणेल. पण १९७७ ला लोकांनी मगो पक्षाला पुन्हा निवडून दिलं.

१९७५ चा मुंडकार कायदा त्यांच्याच काळातला. भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याला मनाला येईल तेव्हा बाहेर काढायला या कायद्याने आडकाठी केली. माडाखाली झोपडी असलेल्या मच्छीमाराला याचं मोल वेगळं सांगायला नको.

पण त्याच वर्षांत ट्रॉलर किनाऱ्यालगत येऊन रापणीच्या तोंडचा घास नेत होते. रापणकर रस्त्यावर उतरले. मासेमारी नियमनाचा कायदा व्हायला १९८० उजाडलं. ताईंचं सरकार १९७९ लाच पडलं होतं.

२०१६ मध्ये ताई गेल्या. आम्ही यातून दोन गोष्टी घेतो. सरकार आपलं वाटलं तरी दर्याचं गाऱ्हाणं आपणच मांडायचं. आणि बाजारात मासळीचा हिशेब चोख ठेवणाऱ्या आपल्या बायकांना संस्थेत फक्त राखीव जागेपुरतं बसवायचं नाही. काय म्हणता?