विश्लेषण : हाडांच्या ठिसूळपणावरची औषधे रुग्ण मध्येच का सोडतात?

आठवड्याची गोळी घेतली की छातीत जळजळते. वर्षाचे सलाइन लावले की दोन दिवस अंग मोडून ताप येतो. आणि एवढे करूनही गुडघा, कंबर दुखायची ती दुखतेच. ऑस्टिओपोरोसिसच्या, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याच्या आजारावरील औषधांबद्दल रुग्णांच्या तक्रारी थोड्याफार फरकाने अशाच असतात. गंगापूरसारख्या तालुक्यात त्यात आणखी एक अडचण असते. औषध लिहून देणारे तज्ज्ञ डॉक्टर बहुतेकदा सुमारे ४० किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला असतात आणि ‘सोडून दे ती गोळी’ म्हणणारे शेजारच्याच घरात. यातली कोणती तक्रार टाळता येते, कोणती सोसता येते आणि कोणती खरोखर गंभीर?

फायदा जाणवत का नाही?

या औषधाचा फायदा म्हणजे न घडलेली घटना. हाड मोडेपर्यंत हा आजार सहसा दुखत नाही, त्यामुळे औषधाने ‘बरे वाटण्या’चा प्रश्नच येत नाही. गुडघ्याचे दुखणे बहुधा सांध्यांच्या झिजेचे असते. त्यावर ही गोळी नाहीच. दोन्ही आजार एकाच बाईला असतात आणि गोळी मात्र गुडघ्याच्या परीक्षेत नापास ठरते.

फायदा आकड्यांत दिसतो. झोलेड्रॉनिक ॲसिड या वर्षातून एकदा शिरेतून द्यायच्या औषधाची मोठी चाचणी २००७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाली. ऑस्टिओपोरोसिस असलेल्या सुमारे ७,७०० ज्येष्ठ महिला त्यात होत्या. तीन वर्षांत औषधाविना दर शंभरातील सुमारे ११ जणींचा मणका मोडला, औषध घेणाऱ्यांत सुमारे तिघींचा. खुब्याच्या फ्रॅक्चरचे प्रमाण २.५ टक्क्यांवरून १.४ टक्क्यांवर आले. खुब्याचा आकडा लहान दिसतो. पण खुबा मोडलेली, कालपर्यंत शेतात जाणारी आजी खाटेला खिळते तेव्हा घरातल्या आणखी एका माणसाची मजुरी बुडते, हे त्या टक्केवारीत येत नाही.

चहाच्या आधीच गोळी का?

सर्वाधिक वापरात असलेली गोळी ॲलेंड्रोनेटची, आठवड्यातून एकदा ७० मिलिग्रॅम. तिचे बहुतेक त्रास घेण्याच्या पद्धतीतून येतात. ही पद्धत समजून घ्यायला थोडे रसायनशास्त्र लागते आणि ते गंगापूरकरांच्या ओळखीचे आहे.

बोअरच्या पाण्याने भांड्याला पांढरा थर बसतो, तसा तो कारखान्यांच्या पाइपांतही बसतो. गंगापूर तालुक्यातल्याच वाळूज एमआयडीसीत कूलिंग टॉवरवर काम केलेल्यांना तो रोखणारी रसायने ठाऊक असतील. त्यातले एक ‘एचईडीपी’ नावाने विकले जाते. हेच रसायन एटिड्रोनेट या नावाने हाडांचे औषध म्हणूनही वापरले गेले. स्वित्झर्लंडचे हर्बर्ट फ्लाइश आणि सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात या बिस्फॉस्फोनेट गटाचा हाडांवरचा परिणाम दाखवला. ॲलेंड्रोनेट त्याच कुटुंबातले. कॅल्शियमला चिकटणे हा त्याचा स्वभाव आहे. ते हाडातल्या कॅल्शियमवर जाऊन बसते आणि हाड पोखरणाऱ्या पेशींना निकामी करते.

हाच स्वभाव पोटात आडवा येतो. दुधाचा चहा, कॅल्शियमची गोळी, इतकेच काय पण जड पाण्यातले क्षार समोर आले तर औषध तिथेच अडकते. उपाशीपोटीसुद्धा घेतलेल्या औषधातले एक टक्क्याहून कमी रक्तात पोहोचते. चहाबरोबर घेतले तर जवळपास काहीच नाही. म्हणून सकाळी उठल्यावर पेलाभर साध्या पाण्याबरोबर गोळी गिळायची, बोअरचे पाणी फार जड असेल तर फिल्टरच्या किंवा जारच्या. त्यानंतर किमान अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही. कॅल्शियमची गोळी दुपारी किंवा रात्री जेवणाबरोबर घेतलेली बरी.

छातीतली जळजळ होते ती गोळी अन्ननलिकेत रेंगाळल्याने किंवा उलट वर आल्याने. गोळी घेऊन परत पडणे वाईट, तसेच लगेच सडा-झाडणीला वाकणेही. अर्धा तास ताठ बसायचे, उभे राहायचे किंवा चालायचे. पहाटे नमाज पढणाऱ्यांनी गोळी फजरनंतर घेतली तर सजद्यातले वाकणे आपोआप टळते. गोळीचा वार आठवडी बाजाराच्या वाराशी जोडला तर लक्षातही राहतो. एवढे करूनही गिळताना दुखत असेल, तर मात्र गोळी थांबवून डॉक्टरांना दाखवावे. अन्ननलिकेचा आजार आधीपासून असलेल्यांना ही गोळी देतच नाहीत.

सलाइननंतरचा ताप घातक का?

सहसा नाही. वर उल्लेखलेल्या चाचणीत पहिल्या डोसनंतर तीन दिवसांत ताप, अंगदुखी, डोकेदुखी अशी लक्षणे सुमारे ३२ टक्के महिलांना जाणवली. दुसऱ्या वर्षी सुमारे ७ टक्के, तिसऱ्या वर्षी ३ टक्के. म्हणजे ज्या अनुभवामुळे दुसरे सलाइन नाकारले जाते, तो बहुतेकींच्या वाट्याला पुन्हा येत नाही. हे आधी कोणी सांगितले तर निम्मी भीती जाते, पण ओपीडीच्या गर्दीत ते राहून जाते. पॅरासिटामॉलने त्रास आटोक्यात राहतो. त्याआधी मूत्रपिंडाची तपासणी आणि शरीरातली ‘ड’ जीवनसत्त्व व कॅल्शियमची कमतरता भरून काढणे हे मात्र टाळू नये.

जबड्याची आणि मांडीची भीती कितपत खरी?

दोन्ही दुष्परिणाम खरे आहेत, पण दुर्मीळ. जबड्याचे हाड उघडे पडून न भरण्याचा प्रकार प्रामुख्याने कर्करोगात दिल्या जाणाऱ्या मोठ्या मात्रांमध्ये दिसतो. दात काढायचे असतील तर ते औषध सुरू होण्याआधी उरकावेत आणि नंतर दंतवैद्याला औषधाचे नाव सांगावे.

मांडीच्या हाडाच्या वेगळ्या प्रकारच्या फ्रॅक्चरबाबत कॅलिफोर्नियातल्या सुमारे १ लाख ९६ हजार महिलांचा अभ्यास २०२०मध्ये आला. दहा हजार गोऱ्या महिलांनी तीन वर्षे औषध घेतले, तर खुब्याची १४९ फ्रॅक्चर टळतात आणि औषधामुळे मांडीची २ होतात. आशियाई वंशाच्या महिलांमध्ये हेच आकडे ९१ आणि ८. आपल्याकडे हा दुसरा आकडा अधिक गांभीर्याने घ्यायला हवा. पारडे तरीही फायद्याकडेच झुकते, मात्र औषध सुरू असताना मांडीत किंवा जांघेत नव्याने दुखू लागले तर ते वेचणी-खुरपणीच्या खात्यावर टाकून मोकळे होऊ नये. दोन्ही मांड्यांचा एक्स-रे काढून घ्यावा.

औषध थांबवता येते का?

औषधानुसार उत्तर बदलते. बिस्फॉस्फोनेट हाडात टिकून राहतात. त्यामुळे गोळीच्या पाच किंवा सलाइनच्या तीन वर्षांनंतर, धोका कमी असेल तर, डॉक्टर सुट्टी देऊ शकतात. मांडीच्या फ्रॅक्चरचा धोकाही औषध थांबल्यावर झपाट्याने उतरतो.

दर सहा महिन्यांनी त्वचेखाली द्यायच्या डेनोसुमॅबचे तसे नाही. त्याचा परिणाम ओसरला की हाडांची झीज उसळी घेते आणि काही रुग्णांत एकापाठोपाठ अनेक मणके दबतात. टेरिपॅराटाइड हे रोज टोचून घ्यायचे, नवे हाड घडवणारे औषध साधारण दोन वर्षांपर्यंत देतात. तेही संपल्यावर दुसरे औषध लावावेच लागते. शिवाय ते फ्रिजमध्ये ठेवायचे असते, तेव्हा भारनियमनाच्या गावात ही अडचण डॉक्टरांना आधीच सांगावी. डेनोसुमॅबची सुई सातव्या महिन्यापलीकडे लांबू देऊ नये. ऊसतोडीला जायचे असेल, घरात लग्न असेल किंवा पैशांची सोय होणार नसेल, तर तारीख हुकण्याआधीच डॉक्टरांकडे जावे आणि तिच्या जागी झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा गोळी देता येईल का, हे विचारावे.